शेणकिड्याला खटिंगांचं आडनाव

गंगाखेडच्या खालच्या अंगाला, गोदावरीच्या काठच्या एका गावात खटिंगांची चार घरं आन मधी एकच लांबलचक गोठा. चार घरांची मिळून बावीस जनावरं. त्यांचं शेण अठ्ठावीस वर्षं झाली, एकटी कडूबाई काढते. ती धाकट्याची, पंडितची बायको, म्हणून ते काम तिच्या वाट्याला आलं. बापाला चौथी बी पोरगीच झाली म्हणून त्यानं नाव कडू ठेवलं. तिनं ते कधी मनाला लावून घेतलं नाही.

शेणात हात घालून घालून तिला शेणकिडे ओळखू यायला लागले. कोणता गोळा ढकलत नेतो, कोणता जागीच भोक पाडून शेण मातीत ओढतो, कोणता नुसत्या म्हशीच्याच शेणात असतो. परभणीच्या एका कॉलेजात शिकवणाऱ्या राजेश्री मॅडम किडे शोधत स्कूटीवर गावात आल्या. दोन दिवस त्यांना काही नवं घावेना. तिसऱ्या दिवशी कडूबाईनं नदीकडच्या पांदीच्या वाटेवर म्हशीचा पो काटकीनं उलटा केला आन तांबूस पाठीचा, दोन शिंगांचा बारका किडा त्यांच्या तळहातावर ठेवला.

"ह्यो घ्या. दसऱ्यानंतर दिसत न्हाई. लय बुजरा हाय."

वर्षभरानं मॅडम परत आल्या. त्या किड्याची जगात कुठंच नोंद नव्हती.

"आता ह्याचं नाव ठरवायचंय," मॅडम म्हणाल्या. "आधी त्याच्या कुळाचं नाव येतं. मागं माणसाचं आडनाव लावता येतं. मी माझंच लावायचं, असा रिवाज नाही. तुमचं लावते."

त्यांनी मोबाईलवर कॉलेजातल्या पेट्यांचे फोटो दाखवले. टाचणीनं टोचलेले किडे, खाली चिठ्ठ्या. कडूबाईनं एकेक चिठ्ठी वाचायला लावली. नावांत जिथं आडनाव होतं, तिथं साहेबाचंच.

"ह्या साहेबांनी शेण उकरलं व्हतं का?"

"काहींनी उकरलं. बऱ्याच जणांना गडी आणून देत."

"मग गड्यांची आडनावं?"

"ती कुठं लिहिलेली नाहीत."

कडूबाईनं पदराला हात पुसले. "तर मग खटिंग लिवा. कडू नगं, ते बापानं रागात ठेवलंय."

संध्याकाळपर्यंत बातमी चारी घरांत गेली. थोरला दीर आबासाहेब भावकीचा कारभारी. त्यानं सगळ्यांना ओट्यावर बसवलं.

"दोन पोरांच्या सोयरिकी बघायलोय मी," तो म्हणाला. "उद्या पाव्हणे विचारतील, खटिंग म्हंजी ते शेणातले का? आडनाव एकट्या बाईचं न्हाई, समद्यांचं हाय. माहेरचं लाव म्हणावं."

कडूबाई थोरल्या दिराशी थेट बोलत नसे, तशी रीतच. तिनं डोक्यावर पदर घेतला आन तोंड जावेकडं, पार्वतीबाईकडं केलं.

"आक्का, त्यांला सांगा. माहेरात मी अठरा वर्षं व्हते. ह्या गोठ्यात अठ्ठावीस झाली."

"सांगायचं काय, मी बहिरा हाय का?" आबासाहेब म्हणाला. "न्हाई म्हंजी न्हाई."

मॅडमच्या कानावर हे गेलं. त्यांनी फोनवर सांगितलं, आठ दिवसांत लेख पाठवायचाय, घरच्यांचा होकार आला नाही तर माझ्या सरांचं आडनाव टाकते. म्हणजे आणखी एक साहेब.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडूबाई गोठ्यात गेलीच नाही.

"शेण कोण काढंल?" पंडितनं विचारलं.

"शेणानं आडनाव खराब व्हतंय म्हणं. मी बी खटिंगच हाय."

पंडित हसला. मग त्याच्या ध्यानात आलं, आपल्या तीन जनावरांचं आता आपल्यालाच काढावं लागणार. त्यानं ते कुणी उठायच्या आत काढलं.

बाकीचं तसंच पडून राहिलं. पहिल्या दिवशी जावांनी नाकाला पदर लावला. दुसऱ्या दिवशी सांगावा आला, तिसऱ्या दिवशी शिव्या. चौथ्या दिवशी आबासाहेबाची म्हैस घसरली आन दुधाची बादली लवंडली. पार्वतीबाईनं नवऱ्यापुढं फावडं टाकलं.

"इज्जत तुमची हाय ना? मग काढा."

त्यानं काढलं. साठी उलटलेल्या माणसाला एका म्हशीमागं अर्धा घंटा लागला.

पाचव्या दिवशी तो कडूबाईच्या दारात उभा राहिला. धोतर शेणानं माखलेलं, हातात तंबाखूची डबी.

"पंडित, तिला विचार, ह्योच का त्यो?"

कडूबाईनं डबी घेऊन उघडली. आत एक शेणकिडा. ह्या खेपेला तिनं तोंड वळवलं नाही.

"न्हाई दादा. ह्याला शिंगं न्हाईत. ह्यो कुणाच्या बी उकिरड्यात असतो."

ती आपल्याशीच बोलली, हे आबासाहेबाला जरा उशिरानं कळलं. तो उंबऱ्यावर टेकला.

"काल टाकलेला ढीग खालून पोखरून टाकलाय ह्या किड्यांनी. फुकटात राबायलेत."

"माझ्यावाणी."

आबासाहेबानं नदीकडं बघितलं. "बरं. लाव आडनाव. उद्यापासून गोठ्यात ये."

"आधी मॅडमला तुमच्या तोंडानं सांगा."

पंडितनं फोन लावून दिला. आबासाहेब खाकरला.

"मी खटिंग बोलायलोय, थोरला. आमच्या घरचा होकार हाय. आडनाव नीट लिवा. आन त्यो शेणात ऱ्हातो, ते जरा बारीक अक्षरात लिवा."

फोन बंद होईस्तोवर कडूबाई उभी होती.

"एक दिवसाआड येईन," ती म्हणाली. "मधल्या दिवशी ज्याचं त्यानं काढायचं." मग डबीचं झाकण लावून तिनं ती दिराच्या हातात दिली. "ह्याला जिथून आणलाय तिथं सोडा."

आबासाहेब डबी घेऊन उकिरड्याकडं गेला.