वाकडी करंगळी

आमच्या ह्यांच्या उजव्या हाताची करंगळी वाकडी होती. फुटबॉलमध्ये गोलकीपर होते ते. एका कारखान्याने त्यांना नोकरीवर ठेवलं होतं ते केवळ गोल अडवायला. ऑफिसात त्यांच्या नावाची खुर्ची होती म्हणे, पण ती कुठे आहे हे त्यांना शिपायाला विचारावं लागे. सरावात त्यांच्याच संघातल्या एका बॅकचा बूट लागून करंगळी मोडली आणि बाहेरच्या बाजूला वळून बसली ती कायमची. त्याच बॅकशी त्यांची जन्माची दोस्ती.

पुढे गुडघा गेला, खेळ सुटला. लोक नावाने ओळखत होते, म्हणून एका पक्षाने महापालिकेचं तिकीट दिलं. स्वारगेटच्या मागे आमचा वॉर्ड. पोस्टरसाठी हात जोडलेला फोटो हवा होता, आणि हात जोडले की करंगळी बाहेर. मला ते सहन होईना. मी तेव्हा पस्तिशीची, स्वतःला फार हुशार समजणारी. रोज कोमट तेल लावून करंगळी दाबत बसायचे, वर पट्टी बांधायचे. त्यांचा तो मित्र समोर चहा पीत बघत असे.

"वहिनी, फार दाबू नका. ती सरळ व्हायची नाही."

"मोडलीत तुम्ही, आणि सल्लेही तुम्हीच द्या."

प्रचारात एका आजोबांनी दारातच गाठलं. "गोल अडवायचात ना आपण? आता आमची कामं अडवणार का?" हे मनापासून हसले. मी आठवडाभर त्या आजोबांवर रागावून होते.

निवडून आले. दारावरची नगरसेवकाची पाटी मी स्वतः पुसायचे, दिवसातून दोनदा. मंडईत पिशवीच्या आधी ह्यांचं नाव पुढे करायचे. खडकवासल्यात पाणी भरपूर असलं की तक्रार घेऊन दारात कोणी येत नसे, आणि मला करमत नसे. असली बाई मी.

वॉर्डात एक मैदान होतं, खेळासाठी राखीव. हे दोघं तिथेच खेळायला शिकले होते, आणि मित्र आता रोज संध्याकाळी तिथे मुलांना शिकवायचा. ते आरक्षण उठवून बाजाराची इमारत बांधायचा ठराव सभेत आला. पक्षातल्या वडीलधाऱ्यांनी ह्यांना सांगितलं, ठरावाच्या बाजूने राहा, क्रीडा समितीचं अध्यक्षपद तुमचं. अध्यक्षाला गाडी होती.

दोन दिवस हे धड जेवले नाहीत. "त्या मैदानाविरुद्ध मी हात वर करू?" असं मलाच विचारत राहिले. गाडीत बसताना कुठली साडी नेसायची हे माझं ठरून गेलं होतं. मोरपंखी. मी म्हणाले, "अहो, हात तर वर करायचाय. आयुष्यभर दुसरं काय केलंत?"

दुसऱ्या दिवशी पेपरात सभेचा फोटो आला. वर गेलेल्या हातांची रांग. ह्यांचा चेहरा पुढच्या उंच सभासदामागे झाकला गेला होता. "बरं झालं, दिसत नाही तुम्ही," असं मी म्हणतेय तोवर मित्र दारात. बसला नाही. हातातला पेपर उघडून त्याने फोटोवर बोट ठेवलं.

"तोंड दिसत नाही तुझं. पण ही करंगळी मी मोडलीय."

चहा मी टाकलेला होता. तो तसाच राहिला.

गाडी आली. मी मोरपंखी साडी नेसून गाडीत बसले, एकटीच. हे सिटी बसने जायचे, आणि मैदानावरून बस जाताना पलीकडच्या खिडकीशी बसायचे. क्रीडा समितीच्या अध्यक्षांनी नंतर चेंडूला हात म्हणून लावला नाही. पुढच्या निवडणुकीला उभे राहिले नाहीत. दाराशी पावलं वाजली की हे मान वर करायचे. तो आला नाही.

आला तो हे गेले तेव्हा. बायकांनी वाट करून दिली. ह्यांचे हात छातीवर जोडून ठेवले होते आणि करंगळी बाहेर होती. सवयीने मी ती आत दाबायला लागले.

"वहिनी," तो हळू म्हणाला, "आता तरी दाबू नका."

एरवी मी कोणाचं ऐकून घेणारी नव्हे. हात काढून घेतला.