खिडकीतलं माहेर

अख्ख्या कोल्हापुरात सर्वांत मोठा आवाज आमच्या घरमालकांचा होता, आणि तो त्यांनी बहुतेक सगळा मुक्या माशांशी बोलण्यात खर्च केला. त्यांचं आयुष्य फौंड्रीत गेलं होतं, ओतकामासाठी लाकडाचे पॅटर्न, म्हणजे साच्यांचे नमुने, बनवण्यात. यंत्रांच्या वरताण आवाज काढायची सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. त्यांना कुजबुजता येत नसे. येतं, असा मात्र त्यांचा ठाम समज होता. तोंडाला हात लावून, मान तिरकी करून ते माझ्या आईला सांगायचे, "बाई, कुनाला बोलू नका, पर शेजारचं मास्तर केसाला काळं लावत्यात." आणि पलीकडच्या गॅलरीतून मास्तरांचा आवाज यायचा, "ऐकू आलं बरं का, अण्णा!"

सगळे त्यांना अण्णाच म्हणत. आम्ही त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. वडिलांची कोल्हापूरला बदली झाली तेव्हा मी पाचवीत होते. इंग्रजी शाळेत जाणारी, कुणी बोललं तर दाराआड जाणारी. अण्णा मला 'मॅडम' म्हणत. खाली ते एकटेच होते. बायको वारलेली, तिचा हार घातलेला फोटो भिंतीवर. एकुलत्या मुलीनं आपल्या मनानं, जातीबाहेर लग्न केलं होतं आणि ती पुण्याला असायची. तिच्याबद्दल त्यांना काही विचारायचं नाही, हे आईनं पहिल्याच आठवड्यात मला बजावलं होतं.

फोटोच्या खाली चार फुटी काचेची टाकी होती. तिच्यात एंजल, मॉली, टेट्रा, आणखी कुठले कुठले आणि ढीगभर गप्पी. "सात जातीचं मासं एका पाण्यात नांदत्यात बघा!" हे वाक्य ते प्रत्येक पाहुण्याला ऐकवत. पाहुण्यानं टाकीसमोर गप्प बसायचं, कारण आवाजानं मासे बुजतात, असं ते ओरडून सांगत. स्वतः ते कट्टर शाकाहारी. गल्लीतली मुलं जाता जाता विचारायची, "अण्णा, रस्सा कधी?" त्यावर ते चप्पल उचलून रस्त्यापर्यंत जायचे. माशांना ताजा खाऊ हवा म्हणून त्यांनी परसात जुन्या टायरमध्ये पाणी साठवून डासांच्या अळ्या वाढवल्या होत्या. पालिकेचा माणूस जाब विचारायला आला, तर त्याला टाकीसमोर बसवून त्यांनी तासभर गप्पी माशांचं शास्त्र ऐकवलं. तो बिचारा शेवटी पिशवीत दहा गप्पी घेऊन आणि "येतो की अण्णा पुन्हा" म्हणत गेला. आला नाही.

गप्पी मादी अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देते. दर महिन्याला देते, आणि टाकीत दिली तर पापणीच्या केसाएवढी ती पिल्लं एंजल गिळतात. कधी कधी आईसुद्धा गिळते. मला ते बघवत नसे. अण्णा शांतपणे बघत. "जगतंय ते जगतंय, मॅडम. आपुन कोन मधी पडनार?"

घरात फोन आमच्याकडे होता. "मी हाक मारली की पायजे तितं ऐकू जातंय, मला फोन कशाला?" असं त्यांचं म्हणणं. मी सहावीत असताना एका दुपारी फोन वाजला. आई बाजारात गेली होती. पलीकडून एक हळुवार आवाज म्हणाला, "मी पुण्याहून बोलतेय. खालच्या अण्णांची मुलगी. त्यांना जरा बोलवतेस का?"

मी धावत खाली गेले. ते कोपरापर्यंत हात बुडवून टाकीची काच पुसत होते. तसेच ओल्या हातांनी जिना चढून आले. मी रिसीव्हर पुढे केला, पण त्यांनी तो घेतला नाही. बोटांवरून आमच्या फरशीवर पाणी ठिबकत राहिलं. मग त्यांनी तोंडाला हात लावला, मान तिरकी केली आणि कुजबुजले, "सांग, अण्णा पेठ वडगावला गेल्यात म्हनून."

मी सांगितल्याप्रमाणे करणारी मुलगी होते. "अण्णा पेठ वडगावला गेले आहेत," मी स्वच्छ पुस्तकी मराठीत म्हटलं.

मग ती म्हणाली, "बरं. आले की सांग, मला सातवा लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरी करतात, म्हणून येऊ का विचारत होते." तिनं फोन ठेवला. मी शब्दन् शब्द अण्णांना सांगितला. ते "बरं" म्हणाले आणि खाली गेले. ती आली नाही, कुणी तिला बोलावलंही नाही.

दोन-अडीच महिन्यांनी पोस्टकार्ड आलं: मुलगी झाली, दोघी सुखरूप. अण्णांनी ते फोटोच्या चौकटीत खोचलं. आणि त्याच आठवड्यात ते लोणच्याची काचेची बरणी छातीशी धरून आमच्या दारात उभे राहिले. बरणीत कळंब्याच्या तलावातलं शेवाळ, मधोमध टम्म पोटाची एक गप्पी, तोंडावर हवेसाठी भोकं पाडलेलं सागवानी झाकण. त्यांनीच घडवलेलं, असं बेतशीर, जणू पॅटर्न म्हणून फौंड्रीत द्यायचं होतं.

"बाई, ही अवघडल्या. तुमच्या खिडकीत ठिवू काय?"

"अहो, पण तुमच्या खाली जागा आहे की," आई म्हणाली.

"खाली तिचं सासर हाय. पैलं बाळंतपण माहेरीच पायजे." मग बरणीकडे बघत, "शिवाय पिल्लास्नी उकडलेल्या अंड्याचा बलक लागतोय. आमच्या घरात अंडं चालत न्हाय."

आईनं माझ्याकडे बघितलं आणि खिडकीतली तुळशीची कुंडी बाजूला सरकवली.

तेव्हापासून आमची खिडकी माहेर झाली. पिल्लं झाली की मी आईमाशाला लगेच खाली पोचवायची आणि पिल्लांना चिमूटभर बलक कालवून घालायची. अण्णा रोज सकाळी रस्त्यात उभे राहून ओरडायचे, "मॅडम! बाळंतीन काय म्हनत्या?" त्यामुळे समोरच्या काकू एकदा डिंकाचे लाडू घेऊन आल्या आणि आईच्या सपाट पोटाकडे बघत दारातच थबकल्या. पिल्लं बारा दिवसांची झाली की अण्णा गल्लीभर घुगऱ्या वाटायचे. लोक हसायचे आणि दुसऱ्यांदा मागून खायचे. पुढे लोडशेडिंग सुरू झालं, हवेचा पंप बंद पडू लागला. तेव्हा ते तांब्यानं टाकीतलं पाणी उंचावरून टाकीतच ओतत बसायचे, दंड भरून येईपर्यंत. "पहिलं बाळंतपण" हा नियम केव्हाच सुटला होता. "पैलं काय न् धावं काय, माहेर ते माहेर," ते म्हणत. एंजलला एकही पिल्लू मिळेनासं झालं. या सगळ्याचा त्या फोनशी काही संबंध असेल, हे मला फार उशिरा उमगलं.

मी कॉलेजात होते तेव्हा एका दुपारी अण्णांची मुलगी आली. सोबत आठ वर्षांची नात. काय बोलावं हे अण्णांना कळेना, म्हणून ते दोन तास माशांवर बोलले. कशी आहेस, एवढंसुद्धा विचारलं नाही. मला हाक मारून बरणी खाली मागवली आणि निघताना ती मुलीपुढे धरली. "ही घिऊन जा. लई देखन्या शेपटीची हाय."

तिनं वाकून बघितलं. "अण्णा, ही भरल्या दिवसांची आहे. एसटीत कुठं हिंदकळत नेऊ? होऊ दे इथंच बाळंतपण. मग येते न्यायला."

"व्हय," अण्णा म्हणाले. इतक्या हळू, की मला ते ओठांवरून कळलं.

त्या खेपेची पिल्लं त्यांनी टाकीत सोडली नाहीत. बरणीतच वाढवली, त्यांची पिल्लंही तशीच. "ही पुन्याची हाईत," कुणी मागितली तर सांगायचे. दर रविवारी पाणी बदलायला वर येत आणि जाताना फोनकडे बघत, "आलता काय?" असं विचारत. मी नाही म्हणून मान हलवायची. तिचा नंबर जाताना तिनं मला लिहून दिला होता. अण्णांनी तो कधी मागितला नाही आणि मी होऊन पुढे केला नाही. मध्ये पडणारी मी कोण, असंच तेव्हा वाटायचं.

त्याच वर्षी थंडीत झोपेतच ते गेले. तो नंबर मी पहिल्यांदा फिरवला, तो हे सांगायला.

सगळं आटोपल्यावर ती वर आली. खिडकीपाशी उभी राहिली. म्हणाली, "तेव्हा फोनवर तू होतीस ना? लहान असशील."

मी हो म्हटलं.

"तू सांगायच्या आधीच मला ऐकू आलं होतं. पेठ वडगाव." ती हसली, आणि हसता हसता तिला थांबता येईना, आणि मग ते हसणं राहिलं नाही.

मी तिला पाणी दिलं. आणि मग सगळं सांगितलं: पोस्टकार्ड, बरणी, सासर, बलक, घुगऱ्या. एका दमात इतकं मी त्याआधी कुणाशी बोलले नव्हते. ती झाकणावर हात ठेवून ऐकत होती. शेवटी तिनं विचारलं, "आणि पिल्लं? जगायची?"

सगळी कधीच जगत नसत. सकाळी काही तळाशी दिसायची. अण्णा यायच्या आत मी ती काढून टाकायची.

"सगळी," मी म्हटलं.

बरणी मांडीवर घेऊन ती रिक्षात बसली. खिडकीत बरणीच्या बुडाचा गोल डाग राहिला आहे. कुंडी अजून मी तिथं परत सरकवलेली नाही. सकाळी तिथं उभी राहिले की मास्तरांच्या घरातलं भांडं पडलेलंसुद्धा ऐकू येतं, इतकी आमची गल्ली शांत आहे.