कोठडीतला आहेर

माझ्या तोंडाला लगाम नाही, हे आमच्या सगळ्या सोयऱ्यांना माहीत आहे. लग्न असो, बारसं असो, कुणाची ना कुणाची टिंगल केल्याशिवाय मला घास जात नाही. लोक मला त्यासाठीच बोलावतात असा माझा समज होता. गेल्या महिन्यापर्यंत होता.

पोराला नोकरी लागली. आता सोयऱ्यांना जेवण देणं आलंच. बायकोनं एकच गोष्ट बजावली, "ताईच्या मालकांना आणा. कसंबी करून आणा." ताई म्हणजे तिची थोरली बहीण, शिरूर कासारला दिलेली. तिचे मालक, म्हणजे माझे साडू, यांनी माणसांत येणंच सोडलं होतं. त्यांचा मुलगा माझ्या पोराच्याच वयाचा. बांधावरून भांडण झालं, समोरच्याचं डोकं फुटलं आणि पोरगं तुरुंगात गेलं. खटला अजून उभाच राहिलेला नाही. तेव्हापासून साडू ना लग्नाला, ना मयताला. बायकोचं म्हणणं, एकदा आपल्यात बसून जेवले की मग येतील सगळीकडं. मी शिरूरला जाऊन त्यांचे हात धरले. ते म्हणाले, "तुमच्या पोराचं चांगलं झालं, न्हाई कसं म्हनू?"

हॉटेल मेहुण्यानं ठरवलं. नेकनूरच्या वाटेवर निजामाच्या काळातली कचेरी आहे, तिच्या मागं कैद्यांच्या कोठड्या. इतकी वर्षं तिथं वटवाघळं लटकायची. आता बार अँड रेस्टॉरंट झालंय, आणि थीम जेलची! वेटरच्या अंगात पट्ट्यापट्ट्यांचा सदरा, पाणी जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या मगात, टेबलं कोठडीत. फोटो काढायला पोरांची ही झुंबड. "लई भारी हाय दाजी," मेहुणा म्हणाला.

ऐकलं तेव्हाच मला साडूंचं पोरगं आठवलं होतं, खोटं कशाला बोलू? पण जागा बदलली असती तर सगळ्यांनी विचारलं असतं, कावून बदलली? आणि साडूंना बरोबर कळलं असतं की आपल्यामुळंच. मग मी मनाची समजूत घातली, हॉटेलच तर आहे, जेवायचं अन् उठायचं.

दुपारी सगळे जमलो. साडू गजांच्या दारापाशी जरा थबकले, मग वाकून आत आले आणि भिंतीकडच्या खुर्चीत बसले. त्यांनी लिंबूपाणी घेतलं, बाकीच्यांनी घ्यायचं ते घेतलं. मेहुण्याच्या सुटलेल्या पोटावरून मी काहीतरी बोललो आणि साडू चक्क हसले. किती महिन्यांनी हसले असतील! मला वाटलं, जमलं बुवा. त्या आनंदात मी आणखी एक पेग भरला.

जेवणानंतर आहेर. आमच्यात बोलावलेल्या सोयऱ्याला टोपी-टॉवेल दिल्याशिवाय उठू देत नाहीत. यजमानानं स्वतःच्या हातानं टोपी घालायची, सोयऱ्यानं मान खाली करायची, आणि पहिला मान थोरल्याचा. आहेराला नको म्हणणं म्हणजे यजमानाच्या घराचाच अपमान. बायकोनं टोपी-टॉवेलांची पिशवी आठवणीनं दिली होती, ती राहिली गाडीत. गाडी लांब, आणि मी रंगात आलेलो. भिंतीवरच्या खुंट्यांना कैद्यांच्या पट्टेरी टोप्या टांगलेल्या होत्या, गिऱ्हाइकांच्या फोटोसाठी. त्यातली एक ओढून मी ओरडलो, "चला, आज सरकारी आहेर!" शेजारच्या कोठडीतली माणसं वळून बघायला लागली. आणि पहिला मान थोरल्याचा, म्हणून मी थेट साडूंसमोर जाऊन उभा राहिलो.

देवाशप्पथ सांगतो, त्या घटकेला मला त्यांचा पोरगा आठवला नाही. नसेल का आठवला? माहीत नाही. हसवायची घाई झाली होती, एवढं खरं.

साडूंनी माझ्याकडं बघितलं. आपली पांढरी टोपी स्वतःच काढली, टेबलावर ठेवली आणि मान खाली केली. मी टोपी घातली. मेहुणा हसत हसत फोटो काढत होता, काढता काढताच त्याचा चेहरा उतरला. तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. मेल्याहून मेल्यासारखं झालं. टोपी उचलावी तर दिलेला आहेर काढून घेतल्यासारखं, न उचलावी तर ते डोकं बघवेना. मी ठोंब्यासारखा उभा.

साडू उठले. मला वाटलं, निघाले. पण ते टेबलामागच्या मोकळ्या जागेत गेले, खाली बसले आणि फरशीवर आडवे झाले. त्या टोपीसकट.

"साडू, ही खरीच कोठडी व्हती का?" त्यांनी पडल्या पडल्या मला विचारलं.

"होय," मी म्हणलं, "निजामाच्या काळातली."

"भेटीला गेलं की जाळीतून नुसतं तोंड दिसतंय त्याचं," ते वर बघत म्हणाले. "आत कसं ऱ्हातंय, कायच कळत न्हाई. ही रोज इचारती, पोरगं लांबडं हाय, पाय पसरून झोपत आसंल का? काय सांगू मी तिला?" त्यांनी पाय ताणून बघितले. "पसरतेत की. चांगले पसरतेत."

मीही वर बघितलं. छताच्या मधोमध एक जाड रेघ होती, चुना फासून लपवलेली. टेबलं मावावीत म्हणून मधली भिंत पाडून दोन कोठड्यांची एक केली होती. साडूंचं डोकं रेघेच्या अलीकडं होतं आणि पाय पार पलीकडं.

"तिथंबी असंच आसंल न्हवं?"

"असंच असतंय," मी म्हणालो. "सगळीकडं सारखंच."

साडू उठले, धोतर झटकलं, पट्टेरी टोपीची नीट घडी करून खिशात ठेवली. वेटर बघत होता, पण मागायची त्याची हिंमत झाली नाही. "बरं झालं आनलं तुमी," साडू मला म्हणाले.

काल बायको शिरूरला फोनवर बोलत होती. फोन ठेवून डोळे पुसतच माझ्याकडं आली. ताईला आता झोप लागायला लागलीय म्हणे, आणि साडू गावातल्या एका बारशालाही जाऊन आले. "तुमी लई चांगलं काम केलं," म्हणाली. आजवर तिनं माझं असं कौतुक कधी केलं नव्हतं. ती दोन कोठड्यांची एक केलेली होती हे खरं सांगावं, तर ताईची झोप पुन्हा मोडावी लागणार. मी मान हलवली आणि जेवायला वाढ म्हणलं.