कवीच्या माळावर आमच्या कुत्र्याची परीक्षा

रियाधमध्ये कुत्रा फिरवायचा म्हणजे चोरीचा माल हलवल्यासारखं होतं. वसाहतीच्या भिंतीबाहेर त्याने पाऊल टाकलं की कुणीतरी गाडी थांबवून, कुत्रा अपवित्र म्हणून, मला चार गोष्टी सुनावायचाच. म्हणून दर शुक्रवारी मी आणि बायको त्याला मागच्या सीटवर आडवा करून शहराबाहेर माळावर न्यायचो. मी नाशिकचा. सुट्टीच्या दिवशी पायांखाली खडक आले नाहीत तर मला जेवण जात नाही.

ती सौदीकरणाची वर्षं. परदेशी माणसांच्या खुर्च्या एकेक करून सौदी तरुणांना मिळत होत्या, आणि माझी खुर्ची ज्याला मिळणार होती त्याला तयार करायचं कामही माझ्याच गळ्यात. त्याचा द्वेष करावा असं मी मनाशी पक्कं ठरवलं होतं, पण जमलं नाही. पंपांचे आलेख बघताना हा गडी जांभया द्यायचा आणि जुनी अरबी कविता म्हणताना डोळे पुसायचा. त्यानेच आम्हाला त्या टेकडीचं सांगितलं. शेकडो वर्षांपूर्वी कोणी एक कवी तिथे बसून प्रेयसीच्या तंबूंच्या तळाकडे बघत असे म्हणे. हिवाळ्यात पाऊस झाला की माळ हिरवा होतो, कुत्र्यालाही मोकळं सोडता येईल. त्यालाही बरोबर घेऊन आम्ही निघालो.

पायवाट सुरेख होती. गुडघाभर झुडपं, पिवळी रानफुलं, वर भुरा खडक. आमचा कुत्रा कानांचे झेंडे उडवत पुढे. माझ्या खुर्चीच्या वारसदार पट्ठ्याने एका जागी आम्हाला थांबवलं आणि सांगितलं की जुन्या कवितेची रीतच अशी आहे: कवी आधी उठून गेलेल्या तळावर येतो, चुलीचे काळे दगड बघतो आणि रडतो.

"म्हणजे बाई निघून गेल्यावर पोचायचं," बायको म्हणाली. "अहो, तुमचाच वंशज दिसतोय."

"वंशज नाही गं, पूर्वज."

"तेच. उशीर तोच."

एवढ्यात झुडपांतून तीन कुत्रे आले. भुंकत नव्हते. मेंढ्यांची राखण करणारे, वासराएवढे, सरळ आमच्याकडे.

आता नाशिकला, पुण्याला, कुठेही, अंगावर येणाऱ्या कुत्र्यासमोर आपण काय करतो? वाकतो. दगड हाताला लागो न लागो, नुसतं वाकलं तरी आपल्याकडचा कुत्रा गल्ली बदलतो. जन्मभराच्या अनुभवाने, मोठ्या रुबाबात मी वाकलो. आणि माझ्या लक्षात आलं की सगळ्यात पुढच्या कुत्र्याला हा संकेत कुणी शिकवलेलाच नाही. लांडग्याशी झुंजायला वाढवलेला तो प्राणी. समोरचा वाकला म्हणजे त्याच्या दृष्टीने तोंड हाताशी आलं. मी कसाबसा हात आडवा घातला म्हणून चेहरा वाचला. दात हातात रुतले ते थेट हाडापर्यंत. हाडावर दात घासल्याचा आवाज आपल्याला आतून ऐकू येतो, ही माहिती मला तिथे मिळाली.

बाकीचे दोघे आमच्या कुत्र्यावर. एकाने मानेला धरलं, दुसऱ्याने मांडीला, आणि ओलं फडकं दोन बायांनी पिळावं तसे ते त्याला पिळू लागले. बायको गडावर चढायची काठी घेऊन त्यांच्यात घुसली. घरी झुरळ मारायलाही मला हाक मारणारी बाई, तिने अशी काठी चालवली की ती दोन ठिकाणी मोडली. पट्ठ्याने कॉफीचा स्टीलचा थर्मास माझ्या हाताला लटकलेल्या कुत्र्याच्या टाळक्यात घातला. तो सुटला. मी खाली बसून ओकलो.

आमचा कुत्रा सुटला, पण त्याला वेड लागलं होतं. समोर मेंढ्यांचा कळप होता. रक्ताने डोळे भरलेला तो त्यात शिरला आणि पहिली सापडली तिच्या नरड्यालाच लागला. आजवर बिस्किटं चघळलेले दात ते. मेंढी पाय झाडत कोसळली.

पिकअप धूळ उडवत आला. म्हातारा मालक उतरला, दाढी मेंदीने लाल केलेली. त्याने आधी आपले कुत्रे एका शिट्टीसरशी बसवले. मग मेंढीचं डोकं वळवलं, अल्लाचं नाव घेतलं आणि सुरी फिरवून तिला एका झटक्यात सोडवलं. तीच सुरी गवताला पुसून त्याने गाडीतली बंदूक काढली.

"कुठे गेला?"

आमचा कुत्रा कळपापलीकडे, म्हाताऱ्याच्याच तंबूत गेला होता. लोकरीच्या काळ्या तंबूखाली, पार आतल्या गालिच्यावर, उशांमागे.

पट्ठ्या बंदुकीसमोर आडवा आला. "काका, तो तुमच्या तंबूत शिरलाय. आसरा मागितलाय त्याने."

"कुत्रा आसरा मागत नाही. घाण करतो."

"तो सलूकी आहे."

इथे सांगायला हवं: तिकडचा सलूकी म्हणजे सडपातळ शिकारी कुत्रा, आणि वाळवंटात तंबू ठोकून राहणारे बदू लोक त्याला कुत्रा म्हणतच नाहीत. तो तंबूत येतो, गालिच्यावर झोपतो. बाकीच्यांनी उंबरठ्याबाहेर राहायचं. आमचा नमुना मजुरांच्या छावणीमागे सापडलेला. आई सलूकीसारखी असावी. बापाविषयी कुणीच काही बोललं नव्हतं.

"शपथ घे," म्हातारा म्हणाला.

 पट्ठ्याला खोटी शपथ घेववत नव्हती. मी पुढे होऊन माझ्या मोडक्या अरबीत शपथ घ्यायला लागलो. म्हातारा म्हणाला, "तू आधी रक्त थांबव."

तो आत गेला. बंदूक हातात, आम्ही मागे. त्याने कुत्र्याचे कान ओढून बघितले. छातीची खोली वितीने मोजली. कमरेच्या दोन हाडांमध्ये चार बोटं ठेवली. मागचे पाय बघून नाक मुरडलं. कुत्रा थरथरत होता आणि गालिच्यावर रक्ताचं थारोळं पसरत होतं. बायको माझ्या कानाशी म्हणाली, "हा गेला तर मी इथेच बसेन. तुम्ही जा ऑफिसला."

"छाती आईची," म्हातारा अखेर म्हणाला. "मागचा भाग कुठल्या तरी हलकटाचा."

"मग?" पट्ठ्याने विचारलं.

"पुढचा अर्धा पाहुणा आहे." त्याने बंदूक खांबाला टेकवली. "मागच्या अर्ध्याला काय, पुढच्याबरोबर राहू दे."

मला वाटलं, संपलं. पण त्याने कॉफीच्या विस्तवात लोखंडी सळई खुपसली. लाल झाल्यावर बायकोला खुणेनेच डोकं धरायला सांगितलं आणि मानेच्या जखमेवर ती टेकवली. केस आणि मांस जळल्याचा वास. कुत्रा जे किंचाळला ते बाळंतिणीसारखं. मांडीवर पुन्हा. बायकोच्या अंगठ्यात दात रुतले होते, तिने हात काढला नाही. मग म्हातारा सळई तापवून माझ्याकडे वळला. मी विनम्रपणे सांगितलं की माझ्याकडे विम्याचं कार्ड आहे.

कुत्रा निपचित पडला. पोट हलेना. पट्ठ्याने पुटपुटत काहीतरी म्हटलं; या वेळी कविता नव्हती. म्हाताऱ्याने उंटिणीच्या दुधाचं भांडं कुत्र्याच्या नाकाशी सरकवलं आणि वाट पाहिली. बऱ्याच वेळाने जीभ बाहेर आली. अर्धं दूध प्यायला आणि झोपला.

मी उठायला लागलो. माझा हात कोपरापर्यंत सुजला होता, दवाखाना दोन तासांवर. म्हाताऱ्याने खांद्यावर दाबून मला खाली बसवलं.

"पाहुणा झोपलाय," तो म्हणाला. "तो उठेपर्यंत कुणी उठायचं नाही."

बायकोने अंगठा ओढणीत गुंडाळला. आम्ही चौघंही बसून राहिलो, त्याचं पोट वरखाली होताना बघत.