पालखीची आरोळी आणि माझा घसा

भैरवनाथ आपल्यावर रुसलाय, असं त्या वर्षी मला पक्कं वाटत होतं. आमच्या कुरुळीत चैत्रातल्या यात्रेला देवाची पालखी उठते ती आमच्या घरातल्या माणसानं पहिली आरोळी दिल्यावरच. "भैरवनाथाच्या नावानं चांगभलं!" हे कानावर पडल्याशिवाय भोई दांडीला खांदा लावत नाहीत. आजोबांनी आरोळी दिली, वडिलांनी दिली, त्यांच्यामागं मी. आणि नेमका माझाच आवाज बसला. बसला म्हणजे इतका की दारातल्या कुत्र्याला हाड म्हटलं तरी ते शेपटी हलवत जवळ यायचं.

सुरुवातीला कुणी मनावर घेतलं नाही, मीही नाही. मी चाकणच्या बाजारात एका अडत्याकडं कांद्याचे लिलाव पुकारायचो. कांद्याच्या हंगामात सगळ्या बाजाराचाच घसा बसतो. धूळ, उडणारी टरफलं, दिवसभराचा ओरडा, त्यात माझी विडी एक विझली की दुसरी पेटायची. पण बाकीच्यांचे घसे चार दिवस विश्रांती मिळाली की सुटायचे. माझा दिवाळीनंतर बसलेला घसा संक्रांत उलटली तरी तसाच. ज्येष्ठमध चघळला, हळद-दूध प्यालो, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करून करून तोंड आलं. शेवटी देवळात जाऊन नवस बोललो की यात्रेपर्यंत मौन धरीन, पण देवा, आरोळीपुरता आवाज परत दे.

आता गंमत ऐका. आठ दिवसांत मी गावचा मौनीबाबा झालो! म्हाताऱ्या बायका पायावर डोकं ठेवायला लागल्या, कुणी रडकं पोर आणून मांडीवर ठेवू लागलं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायला लागलं होतं. कपाळाला भंडारा फासून देवळाच्या ओट्यावर बसायचो आणि मान डोलवायचो. माझी बायको सुंद्रा मात्र फसली नाही. भाकरी वाढताना एक दिवस म्हणाली, "अवं, देवानं कवा सांगितलं गप बसा म्हनून? तुमी भ्यालाय. घशात काय हाय त्ये बघायचं न्हाई तुमाला." ते वर्मी लागलं. डाव्या कानात कळ मारायची, आवंढा गिळताना काही तरी अडल्यासारखं वाटायचं, आणि घशाचा रोग म्हणजे परतीची वाट नाही एवढंच आम्हाला ठाऊक होतं. भीतीला मी भक्तीचं पांघरूण घातलं होतं. तरीही मी रागानं ताट सरकवून उठलो.

माघातल्या एका दुपारी पुण्याहून नारायणगावाकडं निघालेली एस.टी. आमच्या देवळासमोरच तापून बंद पडली. प्रवासी उतरून विहिरीवर पाणी प्यायला आले आणि मौनीबाबा दिसल्यावर दर्शनाला रांग लागली. तेवढ्यात एका जाडजूड शेठजींचा बूट माझ्या करंगळीवर पडला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आरं डोळं फुटलं का तुझं!" झालं! बाबाचं बाबापण गेलं. सगळी रांग खो खो हसायला लागली. सुंद्रासुद्धा पदर तोंडाला लावून हसत होती.

एक बाई तेवढ्या हसल्या नाहीत. पांढरं पातळ, हातात पत्र्याची पेटी. त्या पुढं आल्या आणि विचारलं, "बाबा, आवाज असा कधीपासून आहे?" सुंद्रानंच सांगितलं, "दिवाळीपासनं, बाई." बाई माझ्याजवळ ओट्यावर टेकल्या. त्या मुंबईच्या कॅन्सरच्या दवाखान्यात नर्स होत्या, माहेरी निघाल्या होत्या. म्हणाल्या, "घसा तीन आठवड्यांत सुटला नाही, तर तो डॉक्टरांनी आरशानं बघायलाच हवा. कदाचित काहीही नसेल. पण असलं तर आजचा दिवस आणि दोन महिन्यांनंतरचा दिवस यांत फार फरक आहे." त्यांनी पेटीवर कागद ठेवून आपल्या दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठी लिहिली. ती मी घेतली नाही, सुंद्रानं घेतली. ड्रायव्हरनं पाणी भरलं, गाडी सुरू झाली आणि गेली. सगळा मिळून अर्धा तास. चौथ्या दिवशी सुंद्रानं मला मुंबईच्या गाडीत बसवलं.

मुंबईच्या डॉक्टरांनी कपाळाला गोल आरसा बांधला, लांब दांडीचा दुसरा छोटा आरसा दिव्यावर कोमट केला, माझी जीभ फडक्यानं धरून ओढली आणि म्हणाले, "ई म्हणा." मग चिमटीएवढाही नसेल असा तुकडा काढून तपासायला पाठवला. निकाल आला तेव्हा त्यांनी काही लपवलं नाही. कॅन्सरच होता, डाव्या स्वरतंतूवर, ज्वारीच्या दाण्याएवढा. डॉक्टर खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आवाजाच्या जागी रोग झाला म्हणून आवाजानं लवकर चुगली केली. हे तुमचं नशीब. आवाजाची पेटी काढावी लागणार नाही, किरणांच्या शेकानं भागेल. विडी मात्र आजपासून बंद." खिशातलं बंडल मी तिथंच टेबलावर ठेवलं.

सहा आठवडे शेक होता. मेव्हण्याच्या खोलीवर राहून रोज जायचो. यंत्राखाली काही कळायचं नाही, पण तिसऱ्या आठवड्यात मानेची कातडी उन्हात करपल्यासारखी झाली, थुंकी गिळतानाही डोळ्यांत पाणी यायचं. नर्सबाई सुट्टीवरून परतल्या होत्या. त्या सांगायच्या, मानेला साबण लावू नका, तिखट नको, मऊ भात आणि गार दूध घ्या, जीव नको म्हणाला तरी पोट रिकामं ठेवू नका. मेव्हण्याचा एक शेजारी माझा पेला वेगळा ठेवायचा; तो एकदा माझ्यासोबत दवाखान्यात आला तेव्हा त्यांनी त्याला चांगलंच झापलं की हा रोग कुणाला लागत नाही म्हणून.

पाचव्या आठवड्यात यात्रा आली आणि माझं डोकं फिरलं. दोन दिवस जाऊन येतो म्हटलं. डॉक्टर म्हणाले, "मध्येच खंड पाडलात तर उरलेला रोग पुन्हा डोकं वर काढेल." इकडं जीव, तिकडं तीन पिढ्यांचा मान! धोतर पिशवीत कोंबून मी बोरीबंदरला पोचलोसुद्धा. फलाटावर बसलो आणि एकाएकी हसू फुटलं. पुण्याची गाडी पकडून मी देवाला काय नेऊन देणार होतो? कानालाही ऐकू न येणारी कुजबुज? "नाथा, तुझी पालखी तू बघ. माझं काम शेक घेणं," असं मनात म्हणालो आणि उठलो. त्या दिवशी शेकाला तासभर उशीर झाला, पण चुकला नाही.

यात्रेनंतर सुंद्रा प्रसाद घेऊन आली. मी खुणेनं विचारलं, आरोळी? ती पदराशी चाळा करत म्हणाली, "पालखी हालंना. समदी एकमेकाच्या तोंडाकडं बघाया लागली. मग म्हनलं, मीबी त्याच घरातली हाय न्हवं? दिली म्या!" क्षणभर माझ्या मिशा फुरफुरल्या. बाईमाणसानं आरोळी? मग खुणेनं विचारलं, उठली का? "उठली की! भोई पळतच सुटलं." मला इतका आनंद झाला की दुखणारा घसा विसरून मी ढसाढसा रडलो, आणि तिला वाटलं, मी चिडलो.

दर महिन्याला, मग तीन महिन्यांनी आरसा घशात जात राहिला आणि घसा स्वच्छ निघत राहिला. आवाज परतला, थोडा घोगरा, पण परतला. पुढच्या चैत्रात गाव माझ्यासाठी खोळंबलं होतं. नाथाला आमच्या घरची हाक हवी असते, माझा घसाच हवा असं त्यानं कधी म्हटलं नव्हतं. त्यानं मला जगवलं, माझा हट्ट तेवढा काढून घेतला, हे त्याचे उपकार मी कसे फेडू? मी सुंद्राचा हात धरून तिला पालखीपुढं उभं केलं. ती लाजली, मग डोळे मिटून तिनं अशी आरोळी दिली की देवळावरचे पारवे उडाले. तिच्या मागून सगळं गाव ओरडलं. त्यात मीही होतो.