लांब शेपटीची माशी

आमच्या पाचजणींच्या टोळीत रोज काहीतरी घडतंच, आणि डबे उघडले की तेच तोंडी लावायला असतं. सांगलीच्या एका मॅडमनी आम्हाला शिराळ्याकडच्या उसात कामाला लावलंय. ऊस खाणाऱ्या अळ्यांच्या अंगावर जगणाऱ्या माश्या ओळखायच्या. बाकीच्या हजेरीसाठी आल्या, मी माझ्या स्वरासाठी. गेल्या साली पोरीला गांधीलमाशी डसली, तोंड सुजलं, श्वास अडकला. डॉक्टर म्हणाले, पुन्हा डसू देऊ नका. तेव्हाच ठरवलं, डसणारी कुठली ते ओळखायला शिकायचंच.

*

पहिल्याच दिवशी मॅडमनी डबी उघडून माश्या दाखवल्या. आमच्यातल्या शालनकाकींना वाटलं, धूळ बसलीय. त्यांनी फुंकर मारली.

"कुटं हायत माश्या?"

"तुमच्या नाकावर," मॅडम म्हणाल्या.

*

एकदा अळीच्या पाठीवर तांदळासारखे पांढरे दाणे दिसले. अंडी घातलीत सटवीनं, म्हणत काकींनी चपलेनं चिरडली. मॅडमनी चिरडलेलं उचलून दाखवलं. ते माशीचे कोष होते, अळीला आतून खाऊन बाहेर आलेल्या पिल्लांचे. आता अळी दिसली की काकी आधी चप्पल काढून लांब ठेवतात!

*

घरी चौकटीवर कुंभारमाशीनं मातीचं घर केलं. मी झाडू उचलला, तर सासू, आमच्या आत्याबाई, आडव्या आल्या. "हात लावू नगंस. पाळणा हलायचा हाय." माशीनं घर केलं की घरात बाळ येतं म्हणे. त्यांचा लेक सहा महिने झाले बॉर्डरवर आहे, हे त्यांना कोण सांगणार!

*

मॅडमना विचारलं, डसणारी ओळखायची कशी? म्हणाल्या, शेपटीसारखी लांब नळी दिसली तर ती अंडी घालायची असते, ती माशी बहुतेक डसत नाही.

"बहुतेक म्हंजे?"

"म्हणजे बहुतेक."

भाकरी थापताना मी हेच घोकत बसायची. स्वरा वैतागायची.

*

परवा शाळेला सुट्टी होती, म्हणून स्वराला बांधावर बसवलं. घोटभर पाणी पिऊन वळले, तर तिच्या मनगटावर माशी. तांबडी, बारीक कंबरेची.  इतकं घोकलेलं, एक अक्षर आठवेना. काकी चप्पल घेऊन पुढं झाल्या, मी त्यांचा हात घट्ट धरला.

स्वरा मान खाली घालून बघत होती. पापणीसुद्धा हलत नव्हती.

"शेपूट लांब हाय, आई," ती हळूच म्हणाली. "डसत न्हाई. बहुतेक."