विठी आणि विठ्ठलराव

लोहाऱ्याच्या बाजाराच्या दिवशी दुपारी एक बाई आमच्या किराणा दुकानाच्या पायरीखाली येऊन उभी राहिली. काही घ्यायला आली असेल म्हणून मी तागडी उचलली, तर ती म्हणाली, "पेटीवाले अण्णा तुमीच का? म्या रखमा. वाशीच्या विठूची बहीण. दादा गेला... आज इसावा दिस." मी तागडी परत खाली ठेवली. विठू माझ्याहून लहान, जेमतेम तिशीचा. छातीच्या दुखण्यानं महिनाभर अंथरुणाला होता आणि मला पत्ताही नव्हता. 'अण्णाला कळव' एवढं त्यानं जाताना सांगितलं, म्हणून ती मोटारी बदलत आली होती. मी तिला वर ये, बस, पाणी घे, असं काहीच म्हणालो नाही. ते सुचलं ती निघून गेल्यावर.

निजामाचं राज्य जाऊन आता वर्ष होत आलं. त्या राज्यात, महायुद्धाच्या दिवसांत, मी घरच्यांशी भांडून एका संगीत नाटक मंडळीत पेटी वाजवत होतो. वाशीच्या मुक्कामात आमच्या नायिकेचं काम करणारे गृहस्थ अचानक मंडळी सोडून गेले. तिथल्याच एका तमाशाच्या फडात विठू नाच्या होता. गावकुसाबाहेरच्या वस्तीतला. लुगडं नेसून उभा राहिला की लोक 'विठी, विठी' करून शिट्ट्या मारायचे, आणि सकाळी त्यानं पाणी मागितलं की वरून ओंजळीत ओतायचे. आमच्या मालकांनी त्याचा गळा ऐकला आणि त्याला उचललंच. म्हणाले, "आजपासून तुम्ही विठ्ठलराव. गाव कुणी विचारलं तर पुण्याकडचं सांगा. जात विचारली तर गायला लागा."

त्याची बोली सुधारायचं काम माझ्याकडं आलं. 'न्हाय' नाही, 'नाही' म्हण. 'म्या' नाही, 'मी' म्हण. तो पंधरा दिवसांत शिकला. शाली मिळू लागल्या, वकील-डॉक्टरांच्या बायका दुसऱ्या दिवशी त्याच्यासारखा अंबाडा घालू लागल्या. एकदा रंगपटात पदर चाचपत तो म्हणाला, "अण्णा, लुगडं तेच, नेसणारा म्याच. फडात नेसलं तर विठी छिनाल हुती. हितं नेसलं तर ती कुलीन." त्याची ओढ पुरुषांकडं होती, हे त्यानं माझ्यापासून लपवलं नाही. माझं तसं काही नाही ना, हे एकदा विचारून घेतलं आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

धाराशिवला एका बड्या वकीलसाहेबांनी आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. वकिलीणबाई मोठ्या हौशी. पानं मांडेपर्यंत त्यांनी आणि शेजारच्या दोघीतिघींनी विठूला मधल्या घरात घेरलं. नाटकात घेता तसा पदर खांद्यावर कसा राहतो, ते दाखवा म्हणाल्या. त्यानं उपरणं घेऊन, नजर खाली ठेवून दाखवलं. मग आम्ही पाटावर बसलो. पहिला वरणभात कालवला असेल, तेवढ्यात वाशीच्या कोर्टाचे कागद घेऊन कारकून आत आला, आणि विठूकडं बघत राहिला. "साहेब, हा तर फडातला विठी."

वाढणं थांबलं. वकीलसाहेब पाटावरून उठले. "मी या माणसाला ओळखत नाही. नाटकवाल्यांनी आम्हाला बाटवलं." विठूनं त्यांच्याकडं एकदाच पाहिलं. मग आपलं ताट आपणच उचललं, परसात नेऊन घासलं, पालथं घातलं आणि मागच्या दारानं गेला. मी... मी पाटावर बसून राहिलो. वाढलेलं जेवलोदेखील. मला आज धक्का बसतो तो या जेवण्याचा.

मोटारस्टँडवर त्याला गाठलं तेव्हा त्यानं शांतपणे सांगितलं, की हेच वकीलसाहेब वाशीच्या कोर्टाला येत तेव्हा मुक्कामाच्या बंगल्यावर त्याला बोलावून घेत. दोन वर्षं. "मग बोलला का नाहीस?"

"बोलून काय? त्यांनी केलं तर शौक, म्या केलं तर माझी अवलादच तसली." मग म्हणाला, "आन् त्या बाई हुत्या की तिथं. आत्ताच मला पदर इचारला हुता त्यांनी."

तो वाशीला परतला, फडात मात्र गेला नाही. मीही पुढं मंडळी सोडून दुकानात बसलो.

रखमा येऊन गेली त्या आठवड्यात मी वाशीला गेलो. त्याच्या खोपटात शिवणयंत्र होतं. तो चोळ्या शिवून पोट भरत होता, हे मला तिथं कळलं. यंत्राशेजारी रेशमी खणाची एक चोळी अर्धवट राहिली होती, एक बाही जोडायची होती. "धाराशिवच्या वकिलीणबाईंची," रखमा म्हणाली. "दर सणाला खण धाडत्यात. आता तुमीच नेऊन देता का, अण्णा?"

त्या दारात मी पुन्हा उभा राहीन असं वाटलं नव्हतं. वकीलसाहेब ओटीवर वर्तमानपत्र वाचत होते. बाईंनी चोळी हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि न विचारताच त्यांना कळलं. ओटीच्या खांबाला धरून त्या खाली बसल्या.

"विठ्ठलराव गेले," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"कोण विठ्ठलराव?" वर्तमानपत्र हललं नाही.

"तुम्ही ओळखत नाही त्यांना," बाई म्हणाल्या. "मी ओळखते." मग माझ्याकडं वळून, अगदी हळू, "बाही राहू द्या तशीच. मी जोडीन..." असं म्हणून त्यांनी आतून पाट आणवला, ओटीवरच मांडला आणि मला पाणी दिलं.